शाळा बंद, मोबाइल लोकलमध्ये. मग अभ्यास कसा होणार?

अतिवृष्टीचा इशारा आला की ठाणे जिल्ह्यातील शाळांना सुट्टी जाहीर होते. थोड्याच वेळात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्कशीट येते. पण भाईंदर पूर्वेतील अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो आई-बाबांसोबत चर्चगेट लोकलने कामावर गेलेला असतो.

शाळा बंद राहिल्याने काय बिघडते?
मार्च २०२० पासूनच्या दीर्घ बंदचा धडा समोर आहे. ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. २०२२ मध्ये ४२.८ टक्केच उरली. भागाकारापेक्षा वाचनाची घसरण मोठी होती.

घरी काय करता येईल?
बालभारतीचे पुस्तक दप्तरातच असते. मुलाने एक पान मोठ्याने वाचावे, पुस्तक मिटावे आणि काय वाचले ते सांगावे. ऐकायला आजी किंवा मोठी ताई पुरते. मूल कुठे अडखळते, हे कमी शिकलेल्या आईलाही कळते. सांगणे मराठीत, हिंदीत वा गुजरातीत, घरात बोलतात त्या भाषेत चालेल. गणितासाठी किराण्याचे बिल घ्यावे.

शाळांनी काय करावे?
पावसाळी सुट्ट्या दरवर्षीच्याच. त्या दिवसांचा अभ्यास जूनमध्येच कागदावर द्यावा आणि तो शाळा उघडल्यावर वर्गात तपासावा. मोबाइल घरी नाही म्हणून मूल मागे पडत असेल, तर तो दोष मुलाचा नाही.