काढ्याची कसोटी

ग्वाल्हेरचा पाटणकर बाजार असो की कोकणातील आठवड्याचा बाजार, आमवातावर हमखास गुणाचा काढा सुचविणारा हितचिंतक भेटतोच. त्याला हसणे अथवा त्याच्यावर विसंबणे, दोन्ही आम्हांस गैर वाटते. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद यांचे औषध १८२ रुग्णांवर १६ आठवडे पारखले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सांध्यांच्या सुजेत फरक दिसला. इतर बहुतेक निकषांवर मात्र ते नकली गोळीहून निर्विवाद सरस ठरले नाही. हा आयुर्वेदाचा पराभव नव्हे. परीक्षेस उभे राहण्याचे ते धैर्य होय. परंतु आमवात सांधे कायमचे वाकडे करतो. तेव्हा डॉक्टरांना न विचारता मेथोट्रेक्सेट सोडून केवळ काढ्यावर राहणे, यात स्वदेशाभिमान नाही. वनस्पती आपली असली, तरी पुरावा हवाच.