हौसेची मोटार आणि घरचा हिशेब

वाचकहो, गेल्या महिन्यात जबलपूरहून एका शिक्षिका भगिनींचे सविस्तर पत्र आले. घराची गच्ची दोन पावसाळे गळते आहे. तिच्या दुरुस्तीसाठी आणि थोरल्या मुलीच्या पुढील वर्षीच्या प्रवेशासाठी म्हणून बाजूला काढलेले सात लाख रुपये बँकेत आहेत. यजमानांचे मन मात्र एका जुन्या मोटारीवर जडले आहे. मोटार २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी, टर्बो एंजिनाची, गिअर आपोआप बदलणारी, मागे लांब डिकी असलेली. मागणी सहा लाखांची. ‘इतक्या पैशांत असली गाडी पुन्हा मिळावयाची नाही, असे ह्यांचे म्हणणे. मला गाडीतले काही कळत नाही, पण गळकी गच्ची कळते,’ असे त्या लिहितात. आणि शेवटी विचारतात, की अशा गाड्या ज्यांनी घेतल्या आणि वर्षानुवर्षे वापरल्या, त्यांचा अनुभव काय आहे?

प्रश्न एका घरचा असला तरी तो पुष्कळांचा आहे. या सदराकडे मोटारींविषयी जी पत्रे अधूनमधून येतात, ती चाळून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मोटार घेताना मनुष्य तिच्या वेगाविषयी बोलतो आणि विकताना तिच्या सुट्या भागांविषयी! मधल्या आठदहा वर्षांत काय घडते, तेच आपल्याला पाहावयाचे आहे.

या जातीची गाडी आपल्याकडे रुळली ती १९९८ नंतर. तोवर घरोघर ठाऊक असलेल्या पद्मिनीचे एंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे आणि तिची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या घरातली. १९९८ च्या आरंभी होंडा सिटी आली; आणि २००० साली तिची जी ‘व्हीटेक’ आवृत्ती निघाली, तिच्या दीड लिटरच्या एंजिनातून १०६ अश्वशक्ती मिळू लागली. यातील युक्ती मोठी मौजेची आहे. एंजिन सावकाश फिरत असता झडपा बेताने उघडतात, म्हणून पेट्रोल बेताने जळते. फेरे वाढले की त्याच झडपा अधिक खोल आणि अधिक काळ उघडतात, आणि शांत दिसणारी गाडी एकाएकी उसळी घेते. त्याच सुमारास, म्हणजे १९९९ अखेरीस, फोर्डची आयकॉन बाजारात आली. तिच्या जाहिरातीतच ‘जोश’ हा शब्द होता, व तो पुढे तिच्या नावालाच चिकटला. चार माणसे, त्यांच्या बॅगा आणि चालविणाऱ्याची थोडीशी हौस, ही तिन्ही एकाच गाडीत बसू शकतात हे मध्यमवर्गीय कुटुंबाला तेव्हा प्रथमच कळले.

बडोद्याचे एक निवृत्त बँक अधिकारी यांच्याकडे २००१ सालची अशीच व्हीटेक सिटी अजून आहे. दोन लाख तीस हजार किलोमीटर धाव झाली, परंतु एंजिन एकदाही खोलावे लागले नाही, असे ते लिहितात. यात दैवाचा भाग थोडा आणि वहीचा भाग अधिक असावा. पहिल्या दिवसापासून त्यांनी एक वही ठेविली असून तेल केव्हा बदलले, कोणत्या प्रतीचे घातले, टायर कोठून घेतले, सर्व तिच्यात टिपलेले आहे. त्या पिढीच्या एंजिनात झडपांचा ताल सांभाळणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, असे. हा पट्टा कुरकुर करून सूचना देत नाही. एके दिवशी तुटतो, आणि तुटताना एंजिनाचा घात करू शकतो. त्यांनी तो सांगितलेल्या मुदतीपूर्वी दोन वेळा बदलला. त्यांची तक्रार एकच. चारजण बसले आणि डिकी भरली, की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकाला गाडीचे पोट घासते! ही तक्रार त्या गाडीच्या बहुतेक मालकांची आहे, व ती खोटी नाही.

२००३ च्या अखेरीस हीच सिटी नव्या अंगाने आली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी तिची थट्टा केली. शक्ती ७७ अश्वशक्तीवर उतरली होती. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग होते. रबरी पट्ट्याच्या जागी साखळी आली होती. हौशी मंडळी म्हणाली, गाडीचा प्राण गेला. परंतु संसारी माणसांनी ती डोक्यावर घेतली, कारण पेट्रोल कमी लागू लागले. प्रस्तुत लेखकाला या प्रसंगाचे नेहमी कौतुक वाटते. गाडी ‘जोरदार’ हवी असे सांगणारे पुष्कळ. पण पेट्रोल पंपावर पाकीट उघडताना मत बदलणारे त्याहून अधिक.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या एका गृहस्थांनी टर्बो एंजिनाची आणि दुहेरी क्लचच्या आपोआप गिअरची गाडी नवी घेतली होती. कंपनीचे नाव त्यांनी लिहिले आहे. मी ते येथे देत नाही. मोकळ्या रस्त्यावर अशी गाडी दुसरी नाही, असे ते आजही म्हणतात. परंतु त्यांचा रोजचा रस्ता मोकळा नव्हता. कचेरीला जाता-येता दीड दीड तास मुंगीच्या पावलांनी सरकणे हा त्यांचा नित्यक्रम. सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास गिअर हिसके देऊ लागले, आणि वाढीव हमी संपून चार महिने झाले असता गाडी भर चौकात उभी राहिली. दुरुस्तीचा अंदाज दोन लाखांच्या वर गेला.

असे का व्हावे? या पेटीत दोन क्लच असतात; एक चालू गिअर धरतो, दुसरा पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. म्हणून बदल क्षणार्धात होतो आणि चालविणाऱ्याला आनंद होतो. परंतु जेथे हे क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे असतात, तेथे गाडी इंचाइंचाने सरकताना ते सतत अर्धवट घासत राहतात. घासण्यातून उष्णता निर्माण होते. वरून वैशाखाचे ऊन असते. जे यंत्र लांब पल्ल्याच्या रस्त्यावर दोन लाख किलोमीटर निमूट चालेल, तेच शहरातल्या कोंडीत निम्म्या अंतरात थकू शकते. म्हणून ‘अमुक गाडी टिकाऊ आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘माझ्या रस्त्यावर टिकेल काय?’ असे विचारावयास हवे.

लेखकाने स्वतःही एक चूक केलेली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्याकडे अशाच जातीची एक गाडी अकरा वर्षे होती. थंड पाण्याची एक रबरी नळी फुगली आहे, ती बदला, असे मिस्त्रीने दोनदा बजावले. काही शे रुपयांचे काम. परंतु ‘पुढच्या खेपेस पाहू’ म्हणून मी ते ढकलले. कसारा घाटात नळी फुटली. उष्णतेचा काटा वर गेलेला दिसत असूनही, पुढच्या वळणावर सावली आहे तेथे थांबू, म्हणून मी आणखी दोन किलोमीटर गाडी दामटली. त्या दोन किलोमीटरांनी एंजिनाचे डोके वाकले. अडतीस हजार रुपये गेले, आणि घरच्या मंडळींना रात्री दहापर्यंत घाटात बसावे लागले. गाडी बेभरवशाची निघाली असे मी पुढे वर्षभर लोकांना सांगत होतो!

आता पैशाकडे वळू. कल्पनेने एक उदाहरण घेऊ या. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत बारा लाखांना पडली. आठ वर्षांत ऐंशी हजार किलोमीटर चालली. साडेचार लाखांना विकली. म्हणजे घसारा साडेसात लाखांचा. लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तर इंधनाचे ५,७१,००० रुपये होतात. विमा वर्षाला सरासरी २२,००० धरून १,७६,०००, देखभाल व दुरुस्ती वर्षाला ३०,००० धरून २,४०,०००, टायर ६०,०००. एकूण १७,९७,००० रुपये. अर्थात किलोमीटरमागे सुमारे साडेबावीस रुपये, तेही कर्जाचे व्याज न धरता. या बेरजेत सर्वांत मोठा आकडा पेट्रोलचा नाही, घसाऱ्याचा आहे. लिटरमागे दोन किलोमीटर अधिक मिळाले, तर आठ वर्षांत वाचतात सुमारे ७१,००० रुपये. त्या दोन किलोमीटरांसाठी आपण शेजाऱ्याशी वाद घालतो; आणि विकताना दीड लाख कमी देणारी गाडी घेताना मात्र कोणाला विचारीत नाही.

याच हिशेबामुळे जुनी गाडी घेणाराचे फावते. अलीकडे लोकांचा ओढा उंच बांध्याच्या गाड्यांकडे असल्यामुळे डिकीच्या गाड्यांना जुन्या बाजारात भाव कमी मिळतो. पहिल्या मालकाने सोसलेला घसारा दुसऱ्याला सोसावा लागत नाही. या दृष्टीने जबलपूरच्या यजमानांचे गणित चुकलेले नाही. परंतु घसारा पहिल्या मालकाने सोसला, तसे मोठ्या दुरुस्तीचे वर्ष दुसऱ्याच्या वाट्याला येते. आठदहा वर्षांच्या गाडीचे क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, टायर ही सारी एकदमच म्हातारी होतात.

कंपनी टिकते की नाही, हाही किमतीचाच भाग समजावा. जनरल मोटर्सने २०१७ अखेरीस भारतातील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दुरुस्ती व सुटे भाग मिळत राहतील असे सांगण्यात आले, तरी जुन्या बाजारातील भाव तेवढ्यावर थांबत नाहीत. अशा गाड्यांचे मालक मग दिल्लीच्या काश्मिरी गेटात किंवा चेन्नईच्या पुदुपेटेत सुटे भाग धुंडाळताना दिसतात. गाडी तीच, एंजिन तेच, परंतु एका बातमीने तिची किंमत उतरते.

जुनी गाडी पाहताना धावेच्या आकड्यावर विसंबू नये. तो मागे फिरविता येतो. चासी क्रमांकावरून कंपनीच्या सेवाकेंद्रात जुनी नोंद मिळते, ती मागावी. त्याच क्रमांकावरून गाडी कधी परत बोलाविलेली आहे काय, तेही पाहावे. टाकाटा या कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे जगभर लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या गेल्या, व त्यांत आपल्याकडील होंडाच्या गाड्याही होत्या. ती बदली विनामूल्य असते, पण मालकी बदलली की सूचना जुन्याच पत्त्यावर जाते. आसनाखालची पट्टी गंजली असेल, सतरंजी उचलताच चिखलाचा वास येत असेल, तर गाडी पुरातून आलेली समजावी. अशा गाड्या दूरच्या राज्यात नेऊन विकल्या जातात. तसेच, २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणून लिटरमागचे अंतर थोडे घटणारच. २०१७ ची गाडी या मिश्रणासाठी बनविलेली नसण्याचा संभव अधिक. इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची नोकरी बदलीची असते, म्हणून दोन शब्द कागदपत्रांविषयी. परराज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची, तर तेथे नव्याने नोंदणी लागते. त्यासाठी जुन्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे अठ्ठावीस क्रमांकाचा नमुना, हवा. कर नव्या राज्यात पुन्हा भरावा लागतो आणि जुन्या राज्यातील उरलेला परत मागावा लागतो. हा परतावा मिळविण्यात धीराची कसोटी लागते. २०२१ साली ‘बीएच’ मालिकेची सोय झाली, तिचा लाभ सरकारी नोकरांना, तसेच अनेक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी संस्थांतील नोकरांना घेता येतो. विकणाऱ्याने कर्ज काढलेले असल्यास बँकेचा बोजा उतरल्याचा पस्तीस क्रमांकाचा नमुना हाती पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

एक गोष्ट हौशी यजमानांच्या बाजूने सांगणे न्याय्य होईल. दणकट बांधणीची गाडी हवी असे त्यांनी म्हटले असेल, तर ते खोटे नाही. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांना २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले. म्हणजे हौस आणि सुरक्षितता यांचे वैर नाही. मात्र ते तारे त्या गाड्यांचे. २०१७ च्या निराळ्या गाडीने ते स्वतःचे समजू नयेत.

तेव्हा जबलपूरच्या भगिनींना माझे सांगणे असे. सात लाखांतून सहा लाख मोटारीत घालणे म्हणजे गच्ची आणि मुलीचा प्रवेश दोन्ही उसनवारीवर ढकलणे होय. आणि त्या गाडीची पेटी बिघडली तर दुरुस्तीला उरलेला एक लाखही पुरणार नाही. प्रथम गच्ची करून घ्यावी, पावसाळ्यापूर्वी. मुलीच्या प्रवेशाचे पैसे वेगळ्या मुदतठेवीत ठेवावेत. त्यानंतर जे उरेल त्यात यजमानांनी पायाने क्लच दाबून गिअर टाकावयाची, साध्या एंजिनाची, पूर्ण नोंदी असलेली एखादी गाडी पाहावी. ती घाटात पहिली येणार नाही, एवढेच.

तरीही त्यांचे मन त्याच गाडीवर असेल, तर ठेव देण्यापूर्वी एक काम करावे. दुपारी दोन वाजता, गर्दीच्या रस्त्याने, वातानुकूलन चालू ठेवून, एका जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवून, ती पाऊण तास सावकाश चालवावी. मग चढावर थांबवून पुन्हा उचलावी. पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये हिसका जाणवला, किंवा विकणाऱ्याने अशा फेरीला नकार दिला, तर तेथूनच रिक्षा करून घरी यावे.