नाव ठाऊक, ठाव नाही

दृढीकरणाच्या वर्गात एका रविवारी आम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचीत होतो. हेरोद जिवावर उठला आहे, येथून निघून जा, असे काही परूशी प्रभूला सांगतात आणि प्रभू हेरोदाचा उल्लेख 'कोल्हा' असा करतो. मी विचारले, "येथे कोल्हा का म्हटले असावे?" एक मुलगा तत्काळ उत्तरला, "मेटाफर, फादर." शेजारच्या मुलीने पुस्ती जोडली, "सिमिली नाही, कारण 'लाइक' किंवा 'ॲज' आलेले नाही." दोघांचे उत्तर निर्दोष होते. मी पुन्हा विचारले, "पण प्रभूला म्हणायचे काय आहे?" वर्ग गप्प झाला.

त्या शांततेने मला अस्वस्थ केले. दोष मुलांचा नाही. दहावी-बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत कवितेतील अलंकार ओळखण्याचा प्रश्न असतो. त्यासाठी मार्गदर्शिका मिळतात आणि शिकवण्या लागतात. 'लाइक' दिसले की सिमिली, निर्जीव वस्तू बोलली की पर्सोनिफिकेशन, अतिरेक दिसला की हायपरबोली! खुणा पाठ करायच्या आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. याला अलंकार समजणे म्हणत नाहीत. ही पाटी वाचून औषध ओळखण्याची विद्या आहे. बाटलीत काय आहे आणि ते कोणत्या दुखण्यावर चालते, याचा तिला पत्ता नसतो.

मग अलंकार ओळखावा कसा? आपल्या साहित्यशास्त्राने याचे उत्तर शतकानुशतके देऊन ठेवले आहे. 'मिरवणुकीला सारे गोरेगाव लोटले' असे आपण सहज म्हणतो. गाव चालत नाही. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ येथे अडतो. हा मुख्यार्थाचा बाध. गाव आणि गावकरी यांचा संबंध असल्यामुळे दुसरा अर्थ हाती लागतो. आणि 'पुष्कळ माणसे आली' असे न म्हणता असे म्हणण्यामागे काही हेतू असतो: गर्दीबरोबर गावाची एकजूटही सांगायची असते. अर्थ कोठे अडला, तो कोणत्या नात्याने सुटला आणि असे वळण का घेतले, हे तीन प्रश्न म्हणजेच लक्षणेचा विचार. इंग्रजीत या वाक्याला मेटोनिमी म्हणतील. नाव कोणतेही द्या, प्रश्न तेच राहतात. संत ऑगस्टीन यांनीही पवित्र शास्त्राच्या वाचकाला हीच सावधगिरी शिकवली: लाक्षणिक वचन शब्दशः घेऊ नका आणि सरळ वचन लाक्षणिक समजू नका.

हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही, याची साक्ष शुभवर्तमानच देते. परूशांच्या खमिराविषयी जपा, असे प्रभू म्हणाला, तेव्हा शिष्यांना वाटले, आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून तो बोलतो आहे. लाजरस झोपला आहे, असे तो म्हणाला, तेव्हा त्यांना वाटले, झोप लागली म्हणजे दुखणे उतरेल. निकोदेम तर म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा शिरेल, असे विचारून बसला. प्रभूने खमिराबद्दल शिष्यांची कानउघाडणी केली आणि लाजरस मेला आहे, हे उघड सांगितले. ही दोन उदाहरणे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता आम्हा प्रवचनकारांकडेही बोट दाखवले पाहिजे. धनवानाने स्वर्गराज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, हे वचन आले की आमच्यापैकी कित्येक जण सांगतात की जेरुसलेमच्या तटाला 'सुईचे नेढे' नावाचा एक लहान दरवाजा होता. ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाऊ शके. अशा दरवाजाचा कोणताही प्राचीन पुरावा नाही. ही कथा प्रभूच्या काळानंतर कित्येक शतकांनी प्रचारात आली. पण ती सोयीची आहे! अतिशयोक्तीचा काटा काढून टाकला की श्रीमंत श्रोत्याला बोचत नाही. शिष्य मात्र ते वचन ऐकून थक्क झाले होते आणि 'मग कोणाचे तारण होणार?' या अर्थाचे विचारते झाले होते. त्यांनी अतिशयोक्ती ऐकली होती. आम्ही दरवाजा बांधला.

उलट टोकाची चूकही तितकीच घातक. लूकच्या चौदाव्या अध्यायात शिष्याने आईबापांचा द्वेष केला पाहिजे, अशी अट येते. तिचा शब्दशः अर्थ घेऊन घर तोडणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. मत्तय तेच वचन 'माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करू नये' अशा आशयाने देतो. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाचे राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रेम होते, असे सांगून लगेच लेआ 'द्वेषिलेली' होती, असे म्हटले आहे. इंग्रजी वाचणारे मूल येथे बुचकळ्यात पडते. आवडत्या आणि नावडत्या राणीच्या गोष्टी ऐकत वाढलेले मराठी मूल क्षणात समजते की 'नावडती' म्हणजे दुय्यम स्थान मिळालेली. घरच्या भाषेने उघडलेले हे दार परक्या भाषेच्या व्याख्येने उघडत नाही.

इंग्रजीच्या वाक्प्रचारांचेही तेच. 'एखाद्या गोष्टीवरून हात धुणे' म्हणजे इंग्रजीत जबाबदारी झटकणे. त्यामागे पिलाताचे पात्रभर पाणी आहे. मराठीत 'हात धुऊन घेणे' म्हणजे संधी साधणे आणि 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे पिच्छा पुरवणे. मत्तयचा सत्ताविसावा अध्याय ठाऊक नसेल आणि मराठीतले हात कोठे कोठे धुतले जातात हेही ठाऊक नसेल, तर मूल इंग्रजीचा हा एक वाक्प्रचारदेखील पोपटासारखाच बोलणार.

यात खरे पणाला काय लागले आहे? आपली मिस्सा. प्रभू स्वतःला दार म्हणतो, द्राक्षवेल म्हणतो. ही रूपके आहेत. मग भाकर हाती घेऊन ती आपले शरीर आहे, असे तो म्हणतो, तेही रूपकच का नव्हे? 1529 साली मारबुर्ग येथे झ्विंग्लीने नेमका हाच मुद्दा मांडला: 'आहे' याचा अर्थ 'दर्शवते' असा घ्यावा. ल्यूथरलाही तो मान्य झाला नाही. 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ख्रिस्तसभेची श्रद्धा स्पष्ट शब्दांत मांडली: ख्रिस्त येथे खरोखर उपस्थित आहे, केवळ चिन्हरूपाने नव्हे. आता ती दोन उदाहरणे आठवा. खमीर आणि झोप हे शब्द शिष्यांनी शब्दशः घेतले, तेव्हा प्रभूने त्यांची चूक सुधारली. योहानच्या सहाव्या अध्यायात आपले शरीर खाण्याविषयी तो बोलला, लोक कुरकुरले, पुष्कळ शिष्य सोडून गेले. त्यांना माघारी बोलावून 'अहो, हा अलंकार होता' असे तो म्हणाला नाही. उलट, तुम्हीही जाणार का, असे त्याने बारा जणांना विचारले. 'मेटाफर, फादर' असे चटकन म्हणायला शिकलेले मूल उद्या वेदीपुढेही तेच म्हणेल. तेव्हा त्याला काय उत्तर देणार?

"फादर, मराठीने पोट भरते का?" असे पालक विचारतात. इंग्रजी शिकू नका, असे मी म्हणत नाही. खुद्द मीही सेमिनरीत इंग्रजीतूनच ईशज्ञान शिकलो. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण ठेवा. हा इंग्रज येशूसंघीय 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राचोल येथे त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. मराठीचा गौरव करताना त्याने उपमांची माळच गुंफली. इंग्रजी ज्याची मातृभाषा, त्याने ख्रिस्त सांगण्यासाठी मराठीचे अलंकार आपलेसे केले. आणि ज्यांची मातृभाषा मराठी, ते आपण त्याच अलंकारांची इंग्रजी नावे पाठ करून धन्य होत आहोत!

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच शिकवले आहे की पवित्र लेखकाचा हेतू जाणायचा तर त्याच्या लेखनप्रकाराकडे लक्ष दिले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक घराला एक काम सांगतो. शनिवारी रात्री रोझरी झाल्यावर दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने वाचा. मुलांना अलंकाराचे नाव विचारू नका. अर्थ कोठे अडला, कशाने सुटला आणि प्रभू असे का बोलला, एवढेच विचारा. कोल्ह्याचे उत्तर मी त्या वर्गाला त्या दिवशी सांगितले नाही. कोल्हा आपल्याकडे लबाड. ज्यूंच्या बोलण्यात तो सिंहापुढे क्षुद्रही असे. राजाला सिंह न म्हणता कोल्हा म्हणणाऱ्या प्रभूचे धैर्य त्यांचे त्यांनाच सापडावे, म्हणून मी पुढच्या रविवारपर्यंत थांबलो. आईवडिलांना विचारून या, असे सांगितले. किती घरांत तो प्रश्न विचारला गेला असेल, याची मला अजून काळजी आहे.