हिस्सा विकला म्हणजे अख्खे वावर विकले का?

सातबाऱ्यावर भावा-बहिणींची चार नावे आणि इसारचिठ्ठीवर सही एकाचीच. असा सौदा बिनसला की घेणारा दिवाणी न्यायालयात जातो आणि ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागतो. न्यायालयाने सही करणाऱ्याला त्याच्या हिश्श्यापुरते जरूर बांधावे, पण ज्यांनी सही केली नाही त्यांच्या जमिनीचे ढेकूळही हलू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कम्मना सांबमूर्ती प्रकरणात हाच मार्ग धरला. नवऱ्याने सगळ्या मालमत्तेचा सौदा केला होता, निम्मी मालकी बायकोची होती. करार नवऱ्याच्या निम्म्यापुरता टिकला. २०१४ च्या पेम्माडा प्रभाकर प्रकरणात मात्र सर्व वारसांच्या सह्या नव्हत्या, म्हणून खरेदीदाराला कराराची पूर्तता मिळाली नाही. मला पहिला मार्ग अधिक न्याय्य वाटतो. त्यात शब्द देणारा सुटत नाही आणि न देणारी बहीण अडकत नाही. फक्त घेणाऱ्याला मिळतो तो अविभक्त हिस्सा. धुऱ्यालगतचा अमुक तुकडा माझा, असे त्याला म्हणता येत नाही. आधी वाटणी, मग ताबा.

विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीने कराराची पूर्तता नाकारण्याची न्यायालयाची मोकळीक काढून घेतली, मग एवढी काटेकोरी कशाला, असे विचारले जाईल. पण जे विकणाऱ्याचे नव्हतेच, ते कोणताही करार देऊ शकत नाही. चिखलदरा तालुक्यातल्या सेमाडोहसारख्या आदिवासी गावात हे आणखी ठळक होते. चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील विक्रीही त्यातून सुटत नाही. वनहक्काच्या पट्ट्याचे तर विचारूच नका. तो वारसाने जातो, विकता येत नाही आणि नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. अडीनडीला आदिवासी शेतकऱ्याने पैसा उभा करायचा कसा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याचे उत्तर पतपुरवठ्यात शोधावे, कोरकू कुटुंबातल्या एकाच्या अंगठ्यावर साऱ्यांचे वावर नेण्यात नव्हे. घेणाऱ्यानेही दावा लावतानाच पर्याय म्हणून इसाराची रक्कम परत मागावी. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ती सोय आहे, मात्र मागितल्याशिवाय न्यायालय ती देत नाही.