नकाराचेही पैसे

घासाघीस करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. भाव करणं म्हणजे चिकटपणा, असं हल्लीच्या मुलांना वाटतं. मला तसं वाटत नाही. विकणाऱ्याला मालाची माहिती असते, घेणाऱ्याला आपल्या गरजेची आणि खिशाची. दोघं बोलतात आणि बोलता बोलता रास्त किंमत मधे कुठेतरी सापडते. यात कमीपणा कसला? पण सगळीकडे भाव करायचा नसतो. जे आपल्याला हातात घेऊन तपासता येतं, त्याचा खुशाल भाव करावा. जे तपासता येत नाही आणि ज्यावर जीव टांगलेला असतो, तिथे करू नये. आजचं म्हणणं एवढंच. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण. (शाळेतली सवय, दुसरं काय!)

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या गोतावळ्यात आजवर चघळला जाणारा एक किस्सा. डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही आठ जण मावळात, कामशेतच्या बाजूला, हॉट एअर बलूनमध्ये बसायला गेलो होतो आणि न बसता परत आलो. "त्या लोकांनी आपल्याला कसं गंडवलं" या मथळ्याखाली ही गोष्ट लग्नामुंजीत सांगितली जाते. परवाही एका पंगतीत सांगितली गेली. मला ती फसवणूक वाटत नाही. तेव्हाही वाटली नव्हती.

पण आधी लेन्सची गोष्ट सांगते, कारण ती खरेदी याच सहलीच्या निमित्ताने झाली.

नातवाला बलूनमधून लोहगड, तिकोना, पवनेचं पाणी असे सगळे फोटो काढायचे होते. त्यासाठी त्याला लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची लेन्स हवी होती. नवी परवडेना. तेव्हा मुंबईत बोरा बाझारच्या बाजूला एका दुकानात वापरलेली बघायला गेलो. सोबत मी, कारण घरात भाव करण्यात माझा हात कुणी धरत नाही असा समज आहे.

शेठनी चौदा हजार सांगितले. नातू लगेच म्हणाला, "दहाला द्या." मी त्याला थांबवलं. म्हटलं, आधी वस्तू बघ, मग आकडा बोल. कारण न सांगता कमी केलेली किंमत म्हणजे नुसती याचना. मग त्याने शिस्तीत तपासायला घेतलं. मोबाइलची बॅटरी लावून मागच्या बाजूने प्रकाश सोडला आणि आत डोकावला. आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक धागा दिसला. ती बुरशी. आपल्या दमट हवेत, कपाटात बंद करून ठेवलेल्या लेन्सला ती धरतेच. मग झडपेची पाती उघडझाप करून बघितली, त्यांवर तेल आलेलं नव्हतं. पुढच्या काचेवर एक ओरखडा होता, पण तो फोटोत सहसा उमटत नाही. मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो, आणि तिथे काही नव्हतं. झूमचं कडं जरा सैल वाटलं. शेवटी कॅमेऱ्याला लावून समोरच्या दुकानाच्या पाटीचे चार फोटो काढले आणि मोठे करून पाहिले.

शेठनी बुरशी नाकारली नाही. "कडेला आहे, फोटोत येणार नाही," म्हणाले. ते खरं होतं. "पण पसरली तर साफ करायचा खर्च आमचाच ना?" मी म्हटलं. तेही खरं होतं. आम्ही एकदा उठून दारापर्यंत गेलो, त्यांनी एकदा "अहो आजी, बसा तर खरं" म्हणून परत बोलावलं. हे विधी झालेच पाहिजेत! साडेअकरा हजारांवर ठरलं. सात दिवसांत बिघाड निघाला तर परत, हे बिलावर लिहून घेतलं. चहाही झाला.

मला या व्यवहारात काय आवडलं, तर जे अडीच हजार कमी झाले त्यांतल्या प्रत्येक रुपयाला कारण होतं आणि ते कारण दोघांनाही दिसत होतं. बॅटरीचा उजेड शेठचा पक्ष घेत नव्हता, आमचाही नाही.

आता बलून.

पहाटे तीनला पुण्याहून निघून अंधारात मैदानावर पोचलो. थंडी मरणाची. तिथली माणसं आमच्याही आधीपासून आलेली. पायलटने एक छोटा, गॅसचा साधा फुगा हवेत सोडला आणि त्यावर बॅटरीचा झोत धरून बघत राहिला. फुगा थोडा सरळ वर गेला आणि मग एकदम आडवा पळाला. त्याने थोड्या वेळाने आणखी एक सोडला. तोही तसाच. मग आमच्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, "आज नहीं होगा."

आणि इथे आमच्या मंडळींनी घासाघीस सुरू केली. "अहो, झाडाचं पान हलत नाहीये!" "आम्ही लहान मुलांना झोपेतून उठवून आणलंय." "एक तास नको, अर्धा तास न्या." "बरं, पंधरा मिनिटं." "वाटलं तर थोडे जास्त घ्या." टोमॅटोचा भाव करावा तसा आकाशाचा भाव चालला होता. पायलट फक्त मान हलवत राहिला. कंपनीने दुसरी तारीख देऊ केली, नाहीतर ठरावीक रक्कम कापून पैसे परत. पावतीवर ते छापलेलं होतं. तरी परतीच्या वाटेवर गाडीत एकच शब्द होता: लूट.

आता जरा गणित करू या. बलूनला सुकाणू नसतं. १७८३ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा माणसं बलूनमधून मोकळी उडाली, तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, त्यातला हवा तो निवडायचा, एवढंच त्याचं स्टिअरिंग. म्हणजे जमिनीवर उतरतानाही बलून साधारण त्या वेळच्या वाऱ्याच्याच वेगाने येणार. ब्रेक नाही.

शिवाय वजन बघा. एक घनमीटर साधी हवा सुमारे १.२ किलो भरते, तीच १०० अंशांना तापवली की साधारण ०.९५ किलो. म्हणजे एका घनमीटरमागे पाव किलो उचलायची ताकद. माणसं, बास्केट, गॅसच्या टाक्या, कापड असं सगळं मिळून एक टन उचलायचं तर चार हजार घनमीटर गरम हवा लागते. त्या हवेचंच वजन झालं पावणेचार टनांच्या वर! हे सगळं धूड वाऱ्याच्या वेगाने शेतात उतरणार. वारा मंद असेल तर गंमत, जोराचा असेल तर बास्केट आडवी होऊन फरपटत जाणार.

आणि "पान हलत नाही" याचं काय? पहाटे जमिनीलगतची हवा थंड होऊन तळाशी बसलेली असते. वर मात्र वारा जोरात असू शकतो. ऊन तापू लागलं की वरखाली घुसळण होते आणि तो वरचा वारा खाली उतरतो. नेमका आपण उतरण्याच्या वेळी. पान आपल्याला आत्ताची जमिनीवरची हवा सांगतं. पायलटला तासाभरानंतरची बघायची असते.

३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ धुकं आणि खाली आलेले ढग असताना एका पायलटने बलून उडवला. उतरताना तो विजेच्या तारांना लागला आणि बास्केटमधले सोळाच्या सोळा जण गेले, पायलटसुद्धा. चौकशीत मुख्य दोष निघाला तो पायलटच्या निर्णयांचा. त्या सकाळी तिथे कुणीतरी "आज नाही" म्हणायला हवं होतं.

म्हणून मला वाटतं, बलूनच्या तिकिटात आपण फक्त उड्डाणाचे पैसे देत नाही. "आज नाही" म्हणू शकणाऱ्या माणसाचेही देतो. तो नकार त्याला फुकट पडत नाही. त्याची माणसं अपरात्री उठलेली असतात, गाडी आलेली असते, दिवसाची कमाई बुडते. त्यात वर आपण त्याला शिव्या घातल्या, सगळीकडे नाव खराब केलं, तर पुढच्या वेळी नकार देणं त्याला आणखी महाग पडणार. आणि एखाद्या दिवशी, वारा शंकास्पद असताना, तो मनात म्हणेल, जाऊ दे, कोण वाद घालणार. त्या दिवशी बास्केटमध्ये आपण नसू, दुसरं कुणीतरी असेल. आपल्या घासाघिशीचे पैसे ते भरतील.

भाचेजावई म्हणतात, "मावशी, तुमचं बरोबर, पण सुरक्षेचं नाव सांगून लुबाडणारेही असतातच की." असतात. म्हणून मी आंधळा विश्वास ठेवा म्हणत नाही. जसं लेन्समध्ये बॅटरी मारून बघितलं तसं इथेही बघावं, फक्त पैसे भरण्याआधी आणि प्रश्नांनी. पायलटकडे डीजीसीएचं लायसन्स आहे का? हवेचा निर्णय कोण घेतं, पायलट की ऑफिसातला मालक? उड्डाण रद्द झालं तर किती पैसे परत, आणि ते लेखी आहे का? तिथे हवी तेवढी घासाघीस करा. आणि एक प्रश्न माझा आवडता: या मोसमात तुम्ही किती वेळा रद्द केलंत? "आमचं कधीच रद्द होत नाही" असं जो अभिमानाने सांगेल, तिथून आपली पर्स उचलून निघावं. पण एकदा मैदानावर उभे राहिलो आणि पायलट नाही म्हणाला, की तिथे भाव संपला.

बलूनमध्ये आपण आयुष्यात एखाद वेळी बसणार. पण हेच आपण रोज करतो. रात्री घाटात ड्रायव्हर म्हणतो, "झोप येतेय, तासभर थांबतो," आणि आपण म्हणतो, "अहो, आता घर आलंच की, चहा घ्या आणि चला." डॉक्टर म्हणतात, आज ऑपरेशन नको, साखर वाढलीय, आणि आपण म्हणतो, आम्ही रजा काढून आलोय. या सगळ्या ठिकाणी समोरचा माणूस स्वतःचं नुकसान सोसून आपल्या भल्याचं बोलत असतो, आणि आपण त्याला खाली ओढत असतो. त्याला निदान "ठीक आहे" एवढं म्हणावं. जमलं तर "आभारी आहे" सुद्धा.

लेन्स अजून उत्तम चालते. बुरशी पसरलेली नाही. नातू सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवतो.