शौर्याला शिस्तीचे कवच

२७ फेब्रुवारी २०१९ ही तारीख भारतीयांच्या स्मरणात आहे ती आकाशातील झुंजीमुळे. आदल्या दिवशी पहाटे भारतीय वायुदलाने बालाकोट येथील जैश-ए-महंमदच्या तळावर प्रहार केला होता. त्याला प्रत्युत्तर म्हणून पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरच्या सीमेवर चालून आली. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-२१, त्यांचे शत्रूच्या हाती सापडणे आणि तेथेही ताठ मानेने उभे राहणे, हा सारा प्रसंग घराघरांत पोहोचला. त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरच्या हवाई तळावरून उडालेले एमआय-१७ व्ही-५ जातीचे हेलिकॉप्टर तळापासून जवळच बडगाम जिल्ह्यात कोसळले. हेलिकॉप्टरमधील सहा वायुसैनिक आणि जमिनीवरील एक स्थानिक नागरिक अशा सात जणांचा त्यात मृत्यू झाला. हे हेलिकॉप्टर शत्रूने पाडलेले नव्हते. आपल्याच तळाच्या रक्षणासाठी सज्ज ठेवलेल्या क्षेपणास्त्राने त्याचा वेध घेतला होता.

या घटनेची आठवण नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. सैन्यदलांविषयी अपार आदर बाळगणाऱ्या समाजाला त्यांची चूक बोलून दाखवणे जड जाते. पण ज्या संस्थेवर आपले प्रेम असते, तिच्या दोषांकडे पाहण्याचे धैर्यही त्या प्रेमात असावे लागते. ते धैर्य स्वतः वायुदलानेच दाखवले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत ही आपलीच मोठी चूक असल्याचे स्वच्छ शब्दांत मान्य केले आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई होत असल्याचेही सांगितले. देशाच्या वायुदलाचा प्रमुख असे जाहीरपणे सांगतो, तेव्हा त्या दलाची उंची वाढते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशी चूक होते कशी, हे समजून घेतले पाहिजे. युद्धकाळात सर्वांत धोक्याची जागा सीमेपलीकडे असते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात स्वतःच्या तळाभोवतीचे आकाशही तितकेच धोक्याचे असते. तेथे विमाने एकसारखी उडत आणि उतरत असतात, इशारे वाजत असतात. रडारच्या पडद्यावरचा ठिपका आपला की परका, याचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. त्यासाठी आयएफएफ नावाची यंत्रणा असते. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो आणि विमानातील उपकरण त्याचे सांकेतिक उत्तर देते. उत्तर आले की विमान आपले. उत्तर आले नाही, तरी तेवढ्यावरून ते शत्रूचे ठरत नाही. उपकरण बिघडलेले किंवा बंदही असू शकते. म्हणूनच हवाई वाहतूक नियंत्रण, रडार कक्ष आणि क्षेपणास्त्र पथक यांच्यात अखंड संवाद असावा लागतो. बडगामच्या चौकशीविषयी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार हेलिकॉप्टरवरील ही ओळख-यंत्रणा बंद होती, जमिनीवरील पथकांत समन्वय नव्हता आणि ठरलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन झाले होते. एका कडीवर दुसऱ्या कडीने आधार द्यावा, तेथे सगळ्याच कड्या एकाच वेळी निसटल्या.

हे दुर्दैव केवळ आपल्याच वाट्याला आले, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून अधिक वैमानिक आणि विमानकर्मी कामी आले. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक जणांचा बळी प्रशिक्षणातील आणि इतर अपघातांनी घेतला. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनवर हल्ला करून परतणाऱ्या लँकेस्टर विमानांना आपल्या तळांवर दाट धुके आणि अगदी खाली उतरलेले ढग आढळले. जर्मन तोफांतून आणि लढाऊ विमानांतून वाचलेली कित्येक विमाने घरच्या धावपट्टीचा शोध घेता घेता कोसळली. केंब्रिजजवळच्या बोर्न तळावरील ९७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची एक नव्हे, सात विमाने अशा रीतीने मायभूमीवरच नष्ट झाली. ब्रिटिशांनी हा दैवाचा फेरा म्हणून सोडून दिला नाही. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना नळ्यांतून पेट्रोल जाळून उष्णतेने धुके हटवण्याची योजना त्यांनी आधीच हाती घेतली होती. ती त्यांनी अनेक तळांवर नेली आणि युद्ध संपेपर्यंत शेकडो विमाने त्या ज्वाळांच्या वाटेने सुखरूप उतरली. पेट्रोलची टंचाई असलेल्या देशाने आपल्या माणसांसाठी ते पाण्यासारखे ओतले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बडगामशी अधिक जवळचे उदाहरण इराक युद्धातील आहे. २३ मार्च २००३ रोजी ब्रिटिश वायुदलाचे एक टोर्नेडो विमान कामगिरी आटोपून कुवेतमधील अली अल सालेम तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या पॅट्रियट पथकाच्या यंत्रणेने ते चाल करून येणारे क्षेपणास्त्र आहे असे मानले. ते पाडले गेले आणि विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. येथेही विमानावरील ओळख-यंत्रणेने काम केले नव्हते. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने चौकशीचा सारांश २००४ मध्ये प्रसिद्ध केला आणि यंत्रणेची रचना, पथकाचे प्रशिक्षण, संपर्कातील त्रुटी हे सारे लोकांसमोर ठेवले.

याच्या उलट वागणूक इराणची. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागली. त्यानंतर काही तासांतच तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ निरपराध माणसे प्राणास मुकली. तीन दिवस तेथील राज्यकर्ते तांत्रिक बिघाडाची कथा सांगत राहिले. सत्य झाकता येईना, तेव्हा त्यांनी ते कबूल केले. लोक रस्त्यावर उतरले ते चुकीपेक्षाही त्या असत्याने संतापून. सत्यमेव जयते हे ज्या राष्ट्राचे बोधवाक्य आहे, त्याने या दोन मार्गांपैकी कोणता निवडावा, हे सांगण्याची गरज नाही.

तरीही आपल्या व्यवस्थेला काही प्रश्न विचारावे लागतील. घटना आणि जाहीर कबुली यांत सात महिन्यांहून अधिक काळ गेला. चौकशीला वेळ लागतो, हे मान्य. पण मधल्या मौनात अफवांना ऊत येतो आणि शोकाकुल कुटुंबांना आपल्या माणसाच्या मृत्यूचे कारण वृत्तपत्रांच्या तर्कांतून कळते, हे योग्य नव्हे. पुढे लष्करी न्यायालयात खटले चालले. २०२३ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बडतर्फीची शिफारस झाली आणि त्यावर न्यायालयीन वादही उभा राहिला. व्यक्तीचा दोष न्यायपीठ ठरवील. परंतु एका माणसाला शिक्षा झाली म्हणजे यंत्रणा सुधारली, असे होत नाही. त्या सकाळी कोणती दोरी कोठे तुटली आणि ती पुन्हा कशी बांधली, हाच खरा प्रश्न आहे.

या सहा वायुसैनिकांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. साऱ्या महाराष्ट्राने साश्रू नयनांनी त्यांना निरोप दिला. त्यांना आणि सहवैमानिकाला पुढे मरणोत्तर वायुसेना पदक देण्यात आले. मृत्यू शत्रूच्या गोळीने आला की आपल्यांच्या चुकीने, यावरून सैनिकाच्या त्यागाचे मोल ठरत नाही, हे राष्ट्राने त्यातून मान्य केले. त्या शोकाच्या घडीला त्यांच्या वीरपत्नीने समाजमाध्यमांवर युद्धाच्या घोषणा देणाऱ्यांना सुनावले होते की, एवढा आवेश असेल तर स्वतः सैन्यात या. हे शब्द आपल्यालाही लागू आहेत. जयघोष करणे सोपे असते. सैन्याला काय हवे, त्याच्या यंत्रणा कशा चालतात, कोठे उणीव राहते, याचा अभ्यास करणारे जाणते नागरिक होणे कठीण असते.

पुढचा काळ तर अधिक अवघड आहे. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानने सीमेवर ड्रोनचे थवेच्या थवे पाठवले. वायुदलाची एकात्मिक नियंत्रण यंत्रणा आणि भूदलाची आकाशतीर प्रणाली यांनी ते आव्हान पेलल्याचे देशाने पाहिले. रडार, तोफा आणि क्षेपणास्त्रे एकाच जाळ्यात गुंफण्याचे महत्त्व त्यातून सिद्ध झाले. पण आकाशात जितकी गर्दी वाढेल, तितकी आपला आणि परका ओळखण्याची कसोटीही कठीण होईल. उत्तम यंत्रालाही शेवटी शिस्तबद्ध माणूसच चालवतो. कळ दाबण्यापूर्वीचा तो एक प्रश्न, ती एक खातरजमा, गडबडीच्या क्षणीही न चुकणारी ती सवय शांततेच्या दिवसांतील सरावातूनच अंगी बाणते.

शौर्याची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. त्या शौर्याला शिस्तीचे कवच मिळावे आणि चुकांची नोंद न लपवता पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणात ती शिकवली जावी. आपल्या तळावरून उडालेला प्रत्येक जवान निदान आपल्या धावपट्टीच्या छायेत तरी निर्धास्त असावा, याची हमी देणे हेच बडगामच्या त्या सात जणांचे राष्ट्रावर असलेले ऋण आहे.