आधी वाक्य वाचा, मग शब्द



शिष्यवृत्ती परीक्षेत उतारा येतो. त्याखाली बहुधा एक प्रश्न असतो, 'अधोरेखित शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता?' प्रश्न सोपा दिसतो आणि तिथेच आपल्या मुलांचे दोन गुण जातात. कारण आपण समानार्थी शब्दांच्या याद्या घोकलेल्या असतात. यादीत पहिला अर्थ असतो, परीक्षक तिसरा विचारतो. गाईडवाले मात्र याद्याच छापतात.

आम्ही आज मुद्दाम आपल्या वांद्र्याजवळचा उतारा घेतला आहे. 'विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन निघालेली मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. काठावर भराव पडत गेला तसे तिचे पात्र अरुंद झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी वस्त्यांत शिरले.'

'पात्र' म्हणजे काय? (१) भांडे (२) पाणी (३) नदी वाहते ती जागा (४) लायक.

पाठांतर करणारा मुलगा 'भांडे' लिहितो. अर्थ खरा आहे, भिक्षापात्रात तोच आहे, पण इथला नव्हे. खरा फसवा पर्याय दुसरा. उतारा पाण्याचाच आहे, म्हणून हात आपोआप 'पाणी'कडे जातो. आता तो शब्द वाक्यात घालून बघा. भरावाने पाणी अरुंद होते का? अरुंद होते ती जागा. उत्तर तिसरे.

पेपर एकमध्ये ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सगळा उतारा पुन्हा वाचायला वेळ नाही. त्या शब्दाचे वाक्य, एक मागचे, एक पुढचे, एवढे वाचा. शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि तिथे आपल्या घरच्या बोलीतला शब्द बसवा. बोलीची लाज नको, ती कुणी तपासणार नाही. मगच पर्याय बघा. आधी पर्याय पाहिले की डोके त्यांच्याच मागे धावते.

मराठीत आणखी एक खूण आहे, ती म्हणजे लिंग. 'नाव बुडाली' म्हटले की होडी गेली. 'नाव बुडाले' म्हटले की घराण्याची अब्रू गेली. शब्द तोच, फरक क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराचा. 'हार'चेही तसेच. तो हार गळ्यात पडतो, ती हार पदरी पडते.

आणि पालकहो, हा प्रश्न मुलांपुरता नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे कार्यालय आपल्या वांद्रे पूर्वेलाच आहे. परिशिष्ट-२ ची यादी लागते तेव्हा आपण आपल्या नावापुढे 'पात्र' दिसले की निःश्वास टाकतो. पण कशास पात्र? १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीधारकाला घर मोफत आहे. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाचे पुनर्वसन 'सशुल्क' आहे आणि २०२३ च्या शासन निर्णयाने त्याची रक्कम अडीच लाख रुपये ठरली. मागचा एक शब्द वाचायचा राहिला, तर अडीच लाखांची गोष्ट नजरेतून सुटते. म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सोबत न्या, यादी मोठ्याने वाचायला लावा. त्यांचाही सराव होईल.

आता घरचा अभ्यास. 'उन्हाने माळ तापला.' 'आजीने माळ ओवली.' 'घरावर कर बसला.' 'त्याने कर जोडले.' चारही वाक्ये वहीत उतरवा. अर्थ लिहिण्याआधी तो ज्या शब्दामुळे कळला त्याला गोल करा.